अफ्रेडच्या पुढे काय

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बचत गटाच्या होमस्टेच्या ट्रेनिंगमध्ये मॅडमनी सांगितलं होतं, पाहुणे असतील तेव्हा रोज चार ओळी लिहा. काय आवडलं, काय चुकलं. पुढच्या वेळी उपयोग होतो. म्हणून ही वही. आतापर्यंतचे पाहुणे पुण्या-मुंबईचे, शनिवारी येणार, रविवारी जाणार, त्यांच्याबद्दल काय लिहिणार? आज मात्र आमच्या नागावच्या घरी पहिले परदेशी पाहुणे आले.

आई आणि मुलगा. पोर्तुगालचे. आईचं नाव तेरेझा, साठीच्या असाव्यात. मुलगा नूनो, तिशीचा, उंच, दाढी वाढलेली. त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला रेवदंड्याचा किल्ला बघायचाय. आठ-दहा दिवस राहतील. आमची मुलगी मनाली पनवेलला नर्सिंगच्या हॉस्टेलवर असल्यामुळे तिची खोली त्यांना दिली. मागची खोली रिकामीच आहे.

पहिली चूक लगेच झाली. गेटवरच्या बोर्डावर मी पेंटरकडून ‘वेलकम इन अवर होम’ लिहून घेतलं होतं. आपण घरात स्वागत करतो, म्हणून ‘इन’. तेरेझाबाईंनी थांबून वाचलं, तेव्हा मला शंका आली. ट्रेनिंगचं पुस्तक काढलं तर तिथे ‘वेलकम टू’. आमचे हे दुपारी बोटीवरून जेवायला आले तेव्हा मी हसत हसत ह्यांना सांगितलं. हसायची वेळ नव्हती. ताट सारून उठले, बाहेर गेले, बोर्ड उपटला आणि वाडीत भिरकावला. सुपारीचं एक रोप मोडलं.

चूक माझीच. किनाऱ्यावर दिवसभर पर्यटकांना बोटीत फिरवून माणूस तापून येतो, त्याला आल्या आल्या काही सांगू नये. त्यात बीपी. मला ह्यांची फार काळजी वाटते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तेरेझाबाई स्वयंपाकघरात येऊन बसतात. इंग्रजी त्यांचंही माझ्यासारखंच, अडखळत. गावी शाळेत स्वयंपाक करायच्या म्हणाल्या. आज मी पाव काढले तर हात लावून म्हणाल्या, “पाऊं!” मग मी खोलीची चावी दाखवली. त्या म्हणाल्या, “शाव्ह!” आम्ही दोघी खूप हसलो. बटाटाही दोन्हीकडे बटाटाच निघाला. शेजारच्या काशीकाकू नारळ सोलायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “ही बाय आपलीच हाय की गो, कातडी तेवढी गोरी.”

मुलगा हसत नाही. कोलंबीचं कालवण केलं होतं, दोन घास खाऊन उठला. दिवसभर विहिरीच्या कठड्यावर नाहीतर समुद्रावर बसून असतो. तेरेझाबाईंचे डोळे सारखे त्याच्यावर. बोलता बोलता थांबतात, कान देतात, तो खोलीत कुठे आहे ते पावलांवरून ओळखतात. मला ते बघून कसंतरी झालं. का ते सांगता येत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी तेरेझाबाईंनी फळांची सुरी खोलीतून आणून माझ्या हातात दिली आणि खुणेने सांगितलं, आत ठेव, वर ठेव. मुलाचा दाढीचा वस्तराही त्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवतात. दाढी का वाढलीय ते आज कळलं.

थोड्या वेळाने माझ्या मोबाइलवर मेसेज आला. त्या पडवीत बसल्या होत्या, मी चुलीपाशी, तरी मेसेज. मुलगा समोर होता म्हणून असेल. “सुचिता, आय ॲम अफ्रेड ऑफ माय सन. प्लीज यू लुक हिम ऑल्सो.”

मी तीनदा वाचला. मोबाइलमध्ये भाषांतर केलं तर आलं, ‘मला माझ्या मुलाची भीती वाटते.’ भीती वाटते म्हणजे काय? मुलाला घाबरतात, की मुलाला काही होईल म्हणून घाबरतात? मराठीत दोन्हीला ‘ची’च लागतं. मग ‘ऑफ’वरूनच कळेल म्हणून रावजी सरांकडे गेले. हायस्कूलला आम्हाला इंग्रजी त्यांनीच शिकवलं. सर ओट्यावर पेपर वाचत होते. मेसेज दाखवला नाही, नुसतं विचारलं, “सर, अफ्रेडच्या पुढे काय येतं?”

“ऑफ,” सर म्हणाले. “अफ्रेड ऑफ टायगर. अफ्रेड ऑफ डॉग. अफ्रेड ऑफ हसबंड.” आणि स्वतःच हसले.

“फॉर नाही येत?”

“तेही येतं. अफ्रेड फॉर म्हणजे दुसऱ्याला काही होईल का, ही धास्ती. अफ्रेड ऑफ म्हणजे साक्षात त्यालाच घाबरणं. परीक्षेत कोण विचारणार आहे तुला?”

म्हणजे स्पष्टच झालं. त्या मुलाला घाबरतात. सुरी, वस्तरा, पावलांचा अंदाज, सगळं जुळलं. राहिला ‘लुक हिम’. लुकच्या पुढे त्यांनी काहीच घातलं नाही. लुक ॲट म्हणजे बघणं, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं. शोधायला तो हरवलेला नाही. सांभाळायला लहान नाही. तेव्हा ‘ॲट’च. तूही त्याच्यावर नजर ठेव.

ठेवेन बाई. बाईमाणसाने एवढं सांगितल्यावर मी गप्प बसणार नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

तेरेझाबाईंना मागच्या खोलीत हलवलं. तिथे आतून दणकट कडी आहे. त्या तयार नव्हत्या. “व्हाय?” म्हणत राहिल्या. मी कडी लावून दाखवली, “सेफ, सेफ.” त्या म्हणाल्या, “बट हू इज विथ हिम?” मी म्हटलं, “नोबडी. गुड.” त्यांचा चेहरा उतरला. घाबरलेल्या माणसाला आधी घाबरवणाऱ्यापासून लांब जायचीसुद्धा भीती वाटते. मग हळूहळू बरं वाटतं, असं असावं.

वाडीतला कोयता माळ्यावर टाकला. नूनो विहिरीत वाकून बघत होता, तेव्हा मी मुद्दाम जोरात बादली आपटली. तो दचकला. माझ्याकडे बघून म्हणाला, “सॉरी.” एवढा मोठा पुरुष बादलीच्या आवाजाला सॉरी का म्हणाला, कळलं नाही.

ह्यांना सांगितलं. विचार करून, जेवण झाल्यावर, सुपारी दिल्यावर सांगितलं. म्हणाले, “पाहुण्यांच्या भानगडीत पडायचं नाही. खोली द्यायची, जेवण द्यायचं.” आवाज चढला नाही. चांगला दिवस होता.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

आज लिहायलाच हवं. नाहीतर डोकं फुटेल.

चौलच्या यात्रेला तेरेझाबाईंना मीच नेलं. एक दिवस तरी मोकळा श्वास घेऊ दे, म्हणून. त्या नको म्हणत होत्या. “ही इज अलोन,” “ही इज अलोन.” मी हात धरून विक्रम रिक्षात बसवलं. डोंगराच्या पायऱ्या चढताना त्या दर वळणावर मोबाइल बघायच्या. दर्शन झालं, खाली मिठाईच्या दुकानांपाशी मी त्यांना बांगड्या दाखवत होते, तेवढ्यात काशीकाकूंचा फोन. गर्दीच्या आवाजात आधी काही ऐकू येईना.

“तुजा पावना दर्यात गेला! कपड्यासकट चालत गेला. तुज्या विनेशनी काडला. जिता हाय, तू ये!”

पौर्णिमेच्या ओहोटीची ओढ. आमच्याकडे दुपारनंतर कुणी पाण्यात उतरत नाही. गिऱ्हाईक सोडून हे बोट किनाऱ्याला लावत होते, तेव्हा ह्यांना लांबवर डोकं दिसलं. बोट वळवली आणि स्वतः उडी मारली. आम्ही पोचलो तेव्हा नूनोला वाळूत कुशीवर झोपवलं होतं आणि हे त्याची पाठ चोळत बसले होते. ओले, दमलेले. कुणाला तरी म्हणाले, “पोरगं हात देईना. सोड म्हणत होतं. मी सोडतोय व्हय?”

तेरेझाबाई त्याच्यावर पडल्या. मग माझ्याकडे वळून ओरडल्या, “आय टोल्ड यू! आय टोल्ड यू आय ॲम अफ्रेड!”

हो, सांगितलं होतं. मग मी काय चुकीचं ऐकलं?

५ डिसेंबर, शुक्रवार

अलिबागला दवाखान्यात आहे. नूनोच्या छातीत पाणी गेलंय, पण डॉक्टर म्हणाले धोका नाही. मनाचं बघणारे वेगळे डॉक्टर आहेत, तेही येऊन बोलून गेले.

बाहेर बाकावर मी मेसेज काढून तेरेझाबाईंसमोर धरला. “यू राइट ऑफ.”

“येस. अफ्रेड ऑफ.”

“ऑफ म्हणजे... ही हिट यू.” मी हात उगारून दाखवला.

त्या माझ्या हाताकडे बघतच राहिल्या. “नूनो? हिट? नेव्हर!” मग मोबाइलमध्ये त्यांच्या भाषेत भराभर बोलल्या. पडद्यावर मराठी उमटलं. ‘माझा नवरा गेल्यापासून त्याला जगायचं नाही. मला भीती होती की तो स्वतःला काहीतरी करेल. म्हणून मी त्याला समुद्र आणि ऊन असलेल्या ठिकाणी आणलं. तू मला मदत करशील असं मला वाटलं.’

म्हणजे फॉर. ऑफ नाही, फॉर. आणि लुकच्या पुढे आफ्टर. त्या म्हणाल्या, त्यांच्या भाषेतही दोन वेगळे शब्द आहेत, पण इंग्रजीत सगळे ‘अफ्रेड ऑफ’ म्हणताना ऐकलेलं, तेच लिहिलं. मी कोयता लपवला तो आईला वाचवायला. आईला लांब नेलं ते मुलापासून वाचवायला. ज्याला सोबत हवी होती त्यालाच एकटं ठेवलं.

मी रडले. त्यांनी राग धरला नाही, निदान दाखवला नाही. मला रुमाल दिला आणि विचारलं, “व्हाय यू थिंक ही हिट मी?”

मी सांगायचा प्रयत्न केला. तुम्ही सारखं त्याच्याकडे बघायच्या. पावलांवर कान असायचा. तो खोलीत आला की बोलणं थांबवायच्या. दुसरं काय समजायचं माणसाने?

त्यांनी मोबाइल पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, “यू नो धिस.”

कशाबद्दल म्हणाल्या, समजलं नाही. विचारायच्या आधी नर्सने हाक मारली.

७ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी देवळासमोर ह्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. रावजी सर बोलले, म्हणाले, जीव धोक्यात घालणारी माणसं आता राहिली नाहीत.  ह्यांचे डोळे भरले होते. मलाही भरून आलं. खरंच, किती मोठं काम केलं. दुसरा कुणी असता तर असल्या ओढीत उडी मारलीच नसती. घरी येईपर्यंत हे माझ्याशी गंमती करत होते, मनालीला फोन लावून सगळं रंगवून सांगितलं.

मग जेवताना काशीकाकूंचा मुलगा राहुल दारात येऊन म्हणाला, “पण दादा, त्याच्या आईला यात्रेला न्यायला नको होतं ना वहिनीनं.” आणि गेला. आग लावून गेला.

ह्यांनी विचारलं, का नेलंस. मी ऑफ आणि फॉर सांगायला लागले. ते कुणाला समजणार? म्हणाले, गावभर माझं नाव होतंय आणि तू त्यात घाण करतेस. पुढचं लिहीत नाही. डाव्या मनगटाला सूज आहे. दारात सापडलं. म्हणजे ह्यांनी दार लावलं तेव्हा माझा हात तिथे होता. मुद्दाम नाही. मुद्दाम असतं तर नंतर बर्फ आणून दिला असता का?

सत्काराची शाल घडी करून कपाटात ठेवली. ज्या माणसाने परक्याच्या पोरासाठी समुद्रात उडी मारली, त्याच्याबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही. आणि हात दुखतोयच.

९ डिसेंबर, मंगळवार

आज ते दोघे परत गेले. नूनोचे तिकडचे डॉक्टर फोनवर बोललेत, उतरल्या उतरल्या भेटणार आहेत. मी मांडव्यापर्यंत सोडायला गेले. ह्यांनीच जा म्हणून सांगितलं, पाहुण्यांना नीट पोचव.

रिक्षात नूनो माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलला. हळू आवाजात म्हणाला, “युवर हसबंड. ही डिड नॉट लीव्ह माय हँड.”  आभार मानत होता की तक्रार करत होता, मला ठरवता आलं नाही. पण त्याने वाटेत शहाळं मागितलं आणि सगळं प्यायला. तेरेझाबाई मान वळवून बाहेर बघत होत्या. डोळे पुसत होत्या.

जेट्टीवर बोटीला वेळ होता. नूनो सामानापाशी बसला, म्हणजे आम्हाला दिसेल असा. तेरेझाबाईंनी माझं मनगट धरलं. बांगड्या मी वर सारल्या होत्या, तरी दिसलं.

“व्हॉट इज धिस?”

“डोअर.”

“हू क्लोज द डोअर?”

खोटं सांगायला इंग्रजी जास्त लागतं. मी म्हटलं, “हसबंड. बट ही इज गुड मॅन. ही हॅज बीपी. आय ॲम अफ्रेड फॉर माय हसबंड.”

“फॉर?” त्या म्हणाल्या. मी मान हलवली. “सुचिता. फॉर, ऑर ऑफ?”

मी समुद्राकडे बघितलं. मग मनात मोजायला लागले, मी कशाकशाला घाबरते. गाडी गेटातून आत येते त्या आवाजाला. भाजीत मीठ कमी पडलं असेल तर त्याला. मनालीचे मार्क सांगायला. हसायला. यातलं एकही ह्यांना काही होईल म्हणून नाही. बीपीची गोळी तर हे घेतातसुद्धा नाहीत, मी एकदाही रडून मागे लागलेले नाही. ज्याची काळजी असते त्याच्या मागे माणूस लागतो. मी तर समोरून बाजूला होते.

पण मग वाळूत बसून त्या पोराची पाठ चोळणारा तो माणूस कोण?

“ऑफ,” मी म्हटलं. एवढंच. त्यांनी मला जवळ घेतलं. भोंगा झाला, लोक चढायला लागले. त्यांनी एकदा नूनोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, “हू लुक यू?” लुकच्या पुढे या वेळीही काही नव्हतं. मला समजलं.

अलिबाग स्टँडवर उतरले. नागावची गाडी उभी होती. शेजारी पेणची. मी किती तरी वेळ दोन्हीच्या मध्ये उभी होते. कंडक्टर ओरडला, “ताई, येताय का?” पेणच्या गाडीत चढले. पोयनाडला उतरून माहेरी आले. वही पिशवीत होती, कारण तेरेझाबाईंकडून दोन ओळी अभिप्राय लिहून घ्यायचा होता. तो राहिलाच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आई काही विचारत नाही. चांगदेवदादाने पहिल्या दिवशी विचारलं, “भांडलीस?” मी म्हटलं, नाही. ते खरंच आहे, मी कधीच भांडले नाही. मग दादा म्हणाला, “राहा मग.” वहिनी वालाच्या शेंगा सोलायला देते, मी सोलते. गोंधळ तेवढाच आहे. सकाळी वाटतं उगाच आले, दुपारी वाटतं आधीच यायला हवं होतं, संध्याकाळी ह्यांनी जेवण काय केलं असेल हा विचार येतो.

मनालीला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “आई, मी नर्सिंगला पनवेलला का आले, अलिबागला का नाही, तू कधी विचारलंच नाहीस.”

आज ह्यांचा फोन आला. रोज येतो, आज उचलला. अंगणात गेले.

“पाहुणे सोडायला गेलीस ती गेलीसच. कधी येतेस?”

आवाज मऊ होता. मऊ असला की मी विरघळते, म्हणून पटकन बोलून टाकलं. “अहो, मला तुमची भीती वाटते.”

“माझी?” हे हसले. “माझी कसली भीती? मला काय झालंय? गोळी घेतली मी, काशीकाकूने आठवण करून दिली. उगाच काळजी करू नकोस. ये तू.”

क्षणभर वाटलं, असंच समजू दे. परत जाता येईल. सगळं जागच्या जागी राहील. ह्यांनी चुकीचं ऐकलं तर त्यात माझा काय दोष?

“तसं नाही,” मी म्हटलं. “तुम्हाला काही होईल म्हणून नाही. मी तुम्हाला घाबरते. तुम्हाला.”

पलीकडे समुद्राचा आवाज येत होता. बोटीवरच असणार. कुणीतरी ‘विनेशदादा, चला’ म्हणून हाक मारली, ह्यांनी ओ दिली नाही. मी ओरडण्याची वाट बघत होते. अंगणात उभी राहून, इतक्या लांबून, खांदे आवळून.

“मला?” हे म्हणाले.

“हो.”

 ह्यांनी फोन ठेवला नाही. श्वास ऐकू येत होता, आणि मागे लाटा. नंतर मीच म्हटलं, “ठेवते,” आणि ठेवला.